नीलकंठरावांचा देव पाण्यात

तात्यापाऱ्यातल्या नीलकंठराव डोंगऱ्यांचा देवावर विश्वास नव्हता आणि हे ते रोज देवघरासमोर उभं राहून ठणकावून सांगत. अंबिकापूरला बदली होणार अशी कुणकुण लागली तेव्हाही त्यांनी बायकोला बजावलं, "हे पाहा पूर्णिमा, बदली साहेबाच्या सहीनं होते. तुझ्या जपानं सही पुसल्या जात नाही."

"मंग बसा हातावर हात धरून," म्हणत पूर्णिमाबाई चादरी आणायला पंडरीच्या कापडबाजारात निघून गेल्या.

त्यांची पाठ वळताच नीलकंठरावांचा धीर सुटला. तिकडे एकट्यानं पोळ्या लाटायच्या? आणि संध्याकाळी पत्ते कुणाशी कुटायचे? त्यांची आई अडल्या वेळी देव पाण्यात ठेवायची. मनासारखं होईपर्यंत गणपतीनं बुडून राहायचं. त्यांनी देवघरातला अंगठ्याएवढा पितळी गणपती उचलला, "फक्त प्रयोग म्हणून हं," असं त्याला सांगितलं, पाणी भरलेल्या स्टीलच्या जगमध्ये सोडला आणि जग फ्रिजमध्ये मागे दडवला.

संध्याकाळी बोंब उठली. "अहो, गणपती कुठं गेला?"

"मले काय माहीत? उंदरानं नेला असंल. त्याचाच मालक आहे."

पूर्णिमाबाईंनी पिंजरा आणला. नीलकंठरावांनी त्यात इमानदारीनं पोळीचा तुकडा अडकवून दिला.

रविवारी दुपारी साक्षात ऑफिसचे हिरालाल साहेब दारात! "नीलकंठजी, बधाई हो! आपका तबादला रुकवा दिया."

नीलकंठरावांना आनंदानं रडू फुटायचं बाकी राहिलं. देवाला बाहेर काढायला ते स्वयंपाकघराकडे धावले, तर समोरून पूर्णिमाबाई पन्हं घेऊन आल्या. फ्रिजमधल्या गार पाण्यातच त्यांनी कैरीचा गर कालवला होता. त्याच जगमध्ये.

पहिला ग्लास सुखरूप गेला. साहेबांनी दुसरा मागितला.

"नको सर! गला बैठ जाएगा!" नीलकंठराव किंचाळले.

टण्! गणपती साहेबांच्या ग्लासात उतरला.

साहेब बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "गणेशजी! स्वयं! नीलकंठजी, मेरा प्रमोशन हुआ है, अंबिकापुर में. सुबह ही भगवान से पूछा था, साथ में किसे ले जाऊँ, इशारा दो." त्यांनी नीलकंठरावांचे दोन्ही हात धरले. "इशारा मिल गया!"

"सर, मैं तो नास्तिक हूँ!"

"फिर भी आपके घर आए! सोचिए!"

साहेब उरलेलं पन्हं तीर्थासारखं पिऊन गेले. पूर्णिमाबाई गणपती पुसत म्हणाल्या, "तुमीच ठेवला होता ना?"

"हव."

"आन् मले उंदीर पकडायले लावला!"

"पण मी बदली थांबासाठी ठेवला होता. देवानं ऐकलं काहून नाही?"

"ऐकलं ना! थांबली होती बदली. मंग लगेच बाहेर काढा लागते त्याले. नाही काढलं, तर तो आपला आपण निघते."

महिनाअखेरीला नीलकंठरावांची बॅग भरताना पूर्णिमाबाईंनी गणपती रुमालात गुंडाळून शर्टांमध्ये ठेवला. नास्तिक नवऱ्यानं तो मुकाट्यानं आणखी आत सरकवला.

"आन् ऐका," पूर्णिमाबाई डोळे टिपत म्हणाल्या, "साहेब घरी आले तर चहाच द्या. तो गाळून देतात."