अळंबीला बोट दाखवू नये

तात्यांनी ताट पुढे सरकवलं. भाजीला त्यांचं बोटही लागलेलं नव्हतं. दुबईजवळच्या अजमानच्या त्या फ्लॅटमध्ये हे आता रोजचंच झालं होतं. बायको गेली आणि तात्यांचं जेवणावरचं मनच उडालं, म्हणून मृणालिनीने वडिलांना चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. हवापालट झाला की चार घास जातील, अशी तिची आशा. हवापालट झाला, घास काही जाईनात. मृणालिनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची आणि राजन, म्हणजे तात्यांचा जावई, कोपऱ्यावरच्या ग्रोसरीतून लोणच्याची आणखी एक बाटली घेऊन यायचा.

अशात जानेवारीतल्या एका संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि वाळवंटावर ढग गडगडले. तात्या गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"अळंबी येतील आता," ते म्हणाले.

इथे आल्यापासून खाण्याच्या वस्तूचं नाव त्यांनी आपणहून पहिल्यांदाच काढलं होतं. मृणालिनीने राजनकडे पाहिलं आणि त्या क्षणापासून अळंबी ही राजनची जबाबदारी झाली. राजन पाइपलाइनच्या कंपनीत साइट इंजिनीअर होता. वाळूत पाइप पुरायचं शिक्षण त्याने घेतलं होतं. वाळूतून खाण्यासारखं काही काढायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याने स्टोअरकीपर मोहिद्दीनला विचारलं. मोहिद्दीन श्रीवर्धनचा, आणि अरबी साहेबाच्या घरी एकदा जेवलेला. "गडगडाट झाला की इथेपण येतात, साहेब. फगा बोलतात त्याला. बटाट्याएवढा गोळा आतच वाढतो, वर काय दिसत नाय, वाळू फुगते नि तडा जातो. लवकर काढला तर कच्चा, उशीर केला तर किडे." नेमकं केव्हा काढायचं ते मोहिद्दीनने इन्शाल्लावर सोडलं. बाजारातून आणू या, असं मृणालिनीने सुचवून पाहिलं.

"विकतची अळंबी खायला मी काय आजारी आहे?" तात्यांनी विचारलं. खरं उत्तर 'हो' असं होतं, पण ते द्यायचं कोणी?

राजनला वाळवंटातली एकच जागा नीट माहीत होती, ती म्हणजे स्वतःची साइट. मग दर शुक्रवारी, झोपायच्या एकमेव सुट्टीच्या दिवशी, तो सगळ्यांना घेऊन तिथे जाऊ लागला. दर शुक्रवारी तिथे वाळू असायची. नऊ वर्षांची लेक ईश्वरी दर वेळी "आजोबा, देअर इज नथिंग हिअर" म्हणायची आणि तात्या "घाई नको" म्हणायचे. राजनला रडू यायचं तेवढं बाकी होतं. फेब्रुवारी सरत आला, व्हिसाही सरत आला, आणि तात्यांचं तिकीट काढून झालं.

शेवटून दुसऱ्या शुक्रवारी, पाइपच्या लाइनीपासून बरंच डावीकडे, ईश्वरीला वाळूवर फुगवटा दिसला. त्यावर बारीक तडे होते. "लुक, क्रॅक्स," ती म्हणाली आणि तिने बोट दाखवलं. तात्यांनी ते बोट झटकन मुठीत धरलं. अळंबीला बोट दाखवायचं नाही, नाहीतर ती कुजतात. नावसुद्धा घ्यायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं. राजन खुरपं घेऊन पुढे झाला.

"आज नाही. फुगवटा अजून कोवळा आहे. पुढच्या शुक्रवारी," तात्या म्हणाले.

"तात्या, शनिवारी तुमचं विमान आहे."

"म्हणून तर शुक्रवारी म्हणतोय."

आता ती जागा पुन्हा सापडायची कशी? झाड नाही, दगड नाही, बोट दाखवायची सोय नाही. तात्या गाडीत बसल्यावर राजनने डिकीतून सर्व्हेचा एक पेग, आखणीची लाकडी खुंटी, काढला, त्याला लाल फीत बांधली आणि हळूच तिथे ठोकून आला. बोट दाखवलं नव्हतं, नाव घेतलं नव्हतं. स्वतःच्या अकलेचं त्याला भारी कौतुक वाटलं.

पुढचा आठवडा त्याला कंपनीच्या अल क्वोजमधल्या यार्डात काढावा लागला, साइटकडे फिरकता आलं नाही. घरात मात्र रंगत आली होती. अळंबी कशी धुवायची, वाटणात खोबरं किती घालायचं, हे तात्या लेकीला बसून सांगत होते. जेवत अजूनही नव्हते. भूक राखून ठेवतोय म्हणाले. शुक्रवारी मृणालिनीने वाटणाचा डबाच सोबत घेतला.

पिवळा जेसीबी लांबूनच दिसला. खोदलेला चर शेवटच्या पेगपर्यंत सरळ आला होता. तिथून तो डौलात डावीकडे वळला होता आणि थेट लाल फितीतून आरपार गेला होता. फोरमन अल्बर्ट, आपला वसईचा, हसत पुढे आला.

"साहेब, सुट्टीत ओव्हरटाइम लावून तुमची लाइन मारली. बेंड कशाला दिला ते कळलं नाय, पण पेग तुमचा, फीत तुमची. म्हटलं, साहेबाने काय तरी विचार केला असणार."

अळंबी गेली, राजनची नोकरीही जाणार होती, आणि तात्या उपाशीच परत जाणार होते. मृणालिनी डबा छातीशी धरून उभी होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तात्यांनी चराच्या काठाशी जाऊन आत वाकून पाहिलं.

"बोट दाखवलंत ना, राजनराव?"

"नाही हो तात्या. नुसती खुंटी ठोकली."

"मग बोट आणखी वेगळं काय असतं?"

म्हाताऱ्या माणसाला ऊन लागू नये म्हणून अल्बर्ट तात्यांना जेवणाच्या छपराखाली घेऊन गेला. ते काही खात नाहीत, त्रास घेऊ नकोस, असं राजनने त्याला सांगितलं आणि तो चराची वाकडी वाट पावलांनी मोजत सुटला. जितकं मोजावं तितकी ती वाढत होती.

तो परत आला तेव्हा तात्या खुबूसच्या रोटीच्या तुकड्याने ताट पुसत होते. अल्बर्टने पुन्हा वाढलं, त्यांनी नको म्हटलं नाही. मृणालिनी शेजारी बसून नुसती बघत होती.

"बटाट्याची भाजी आहे," तात्या म्हणाले. "जरा मातकट लागते, पण फर्मास. मृणाल, शिकून घे."

राजनने अल्बर्टला बाजूला घेऊन विचारलं, इथे बटाटे कुठून आले?

"खोदताना निघाले, साहेब. कुणाचं तरी पोतं पडलं असणार. कुकने चार पाण्यांनी धुतले, तरी वाळू जाईना."

राजन वळला, तात्यांसमोर आला आणि त्याने तोंड उघडलं. पण तात्याच आधी बोलले.

"पुढच्या वर्षी गडगडाट झाला की लगेच कळवा. मी येतो. अळंबी खाल्ल्याशिवाय मी आता मरत नाही. आणि तुम्ही तेवढा धीर धरायला शिका."

तात्यांच्या पाठीमागून मृणालिनीने मान हलवली, नको म्हणून. तिचे डोळे भरले होते. तिलाही कळलं होतं. राजनने तोंड मिटलं.

परतताना तात्या मागच्या सीटवर ढेकर देऊन झोपी गेले. त्यांना पुढच्या वर्षी बोलवायचं तर नोकरी टिकायला हवी होती, आणि नोकरी टिकायची तर सकाळी कन्सल्टंटला त्या बेंडचं कारण सांगायला हवं होतं. राजन गाडी चालवता चालवता मनात उत्तर जुळवत होता. ते इंग्रजीत द्यायचं होतं आणि अळंबी हा शब्द त्यात कुठेच बसत नव्हता.