सहा महिन्यांचा गेरू

रईसाने कपाट उघडून बरणी हातात घेतली. बरणी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, धुऊनपुसून पालथी घातलेली.

"सर, पूड नाही."

अभिमन सर टायची गाठ तिसऱ्यांदा सोडत होते. "नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच."

धुळ्याच्या त्या कॉलेजात ब्याण्णव साली विद्यापीठाने संशोधन केंद्र दिलं होतं. विषय चुंबकीय पदार्थ. कॉम्प्युटरची आठवण ज्या फितीवर राहते, तिला लावायची ही तांबूस पूड. केंद्राला भट्टी नव्हती. म्हणून रईसा ती अब्बांच्या बेकरीत, टोस्टचे ट्रे निघाल्यावर, भाजून आणायची. सहा महिन्यांत पाऊण किलो जमली. पुडीला टोस्टचा वास यायचा, पण त्याला इलाज नव्हता. खरं दुखणं वेगळंच होतं. फितीवर लेप बसतच नव्हता. वाळला की पापुद्रे सुटत. तरी आज अकराला दिल्लीची समिती येणार होती. तिने भट्टी आणि मोजणीचं यंत्र मंजूर केलं तर ठीक. नाहीतर मार्चनंतर केंद्र बंद, सर परत अकरावीच्या वर्गावर आणि रईसाची पीएच.डी. अर्धवट.

"झुंबरबाई!" सरांनी हाक मारली.

केंद्राच्या शिपाई झुंबरबाई पदराला हात पुसत आल्या. हात कोपरापर्यंत तांबडे होते.

"कपाटातली पूड कुठाय?"

"गेरू ना? कुंड्यासले लाई दिधा. तुम्हीच सांगं व्हतं ना काल, पाव्हना येतस, कुंड्या देखी ल्या. बठ्ठ्या आठ कुंड्या रंगन्यात. देखा तरी, कश्या चमकी ऱ्हायन्यात!"

खरंच चमकत होत्या. सरांनी एकदा कुंड्यांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली. "रईसा, तू तुळशीपासून सुरू कर, मी शेवंतीकडून येतो."

पाव तास खरवडून चिमूटभर पूड निघाली, तीही मातीसकट. लेप सुटायलाच तयार नाही! तेवढ्यात जीप आली. समितीच्या प्रमुख इंदिराबाई उतरल्या, तर समोर टाय लावलेला प्राध्यापक कुंडीपुढे उकिडवा.

"हे काय करताय?"

"नमुना काढतोय, मॅडम."

"कुंडीवरून?"

"सध्या... कुंडीवरच आहे, मॅडम."

मग रईसाने एका दमात सगळं सांगून टाकलं, बेकरीसुद्धा. सोबतचे दोन सदस्य आभाळाकडे बघू लागले. इंदिराबाईंनी पर्समधून बोटाएवढं लोहचुंबक काढून कुंडीला टेकवलं. ते टक्कन चिकटलं. मग त्यांनी लेपावर नख ओढून पाहिलं. ओरखडा उठला, पण पापुद्रा काही निघाला नाही.

"लेप कोणी दिला?"

सर पुढे झाले. "मॅडम, झुंबरबाईंना माहीत नव्हतं. कुंड्यांचं मीच सांगितलं होतं. चूक माझी."

"मी चूक विचारली नाही. लेप कोणी दिला?"

दाराआडून आवाज आला, "मी दिधा. नोकरी जाई का मनी?"

इंदिराबाई तीस वर्षांपूर्वी इथलंच जवळचं पारोळा सोडून गेल्या होत्या. त्या सरळ पायरीवर टेकल्या. "काय टाकं व बाई यामा?"

दिल्लीची बाई आपल्या बोलीत बोलतेय म्हटल्यावर झुंबरबाईंना धीर आला. त्या दाराबाहेर आल्या. "बाभूयना डिंक. दुपारभर मना पाटावर घोटं. ह्या दोन्ही नुसता चमचा फिरावतस. तसं कसं चिकटी?"

डॉक्टरेट मिळालेले सर आणि मिळवू पाहणारी रईसा, दोघंही खाली मान घालून उभे राहिले.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. भट्टी, एक. मोजणीचं यंत्र, एक. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: पाटा-वरवंटा, एक नग.

पत्रासोबत छापील तक्ता होता. प्रत्येक उपकरणापुढे देखभालीची व्यवस्था लिहून पाठवायची होती. भट्टीपुढे रईसाने मुंबईचा पत्ता लिहिला, यंत्रापुढे पुण्याचा. तिसऱ्या ओळीपाशी ती अडली आणि तिने झुंबरबाईंना विचारलं. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: "वर्षातून एकदा पाथरवटाकडून टाकी लावून घेणे. त्यावर मिरची वाटू नये."