बिलोलीकरांचं आयकर दिनाचं भाषण

हणमंतराव बिलोलीकरांनी पहाटे उठून दोन पोळ्या केल्या, दोन्ही करपवल्या आणि तरीही डब्यात भरल्या. छत्तीस वर्षं आयकर खात्यात काढलेला माणूस. करदात्याच्या दारात घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी तो काही सुटला नव्हता. पूर्वी डबा विमलताई भरून द्यायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

आज चोवीस जुलै, आयकर दिन. लातूरच्या ध्रुव क्लासेसमध्ये 'आयकर खात्याची भूमिका आणि इतिहास' या विषयावर पोरांसमोर व्याख्यान ठरलं होतं. पण रिटर्न भरायची मुदत आठवड्यावर आलेली. कार्यालयात एकाही अधिकाऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तेव्हा कुणाला तरी बिलोलीकर आठवले. खात्याची गाडी आणि ड्रायव्हर अकरम सकाळी सहाला त्यांच्या नांदेडच्या घरासमोर हजर झाले. बिलोलीकर साडेपाचपासूनच फाटकात उभे होते.

उभे राहतील नाही तर काय! सात वर्षं या बोलावण्याची वाट बघितली होती त्यांनी. पहिला आयकर दिन झाला त्याच साली त्यांनी चाळीस पानांचं भाषण लिहिलं होतं. विमलताईंनी अंथरुणावर पडल्या पडल्या ते सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं आणि समासात स्वतःच्या सूचना घातल्या. 'इथं पाणी प्या.' 'इथं आवाज चढवू नका.' 'इथं लोक हसतील, थांबा.' त्या साली कार्यक्रम रद्द झाला आणि पुढच्या साली विमलताई गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा तरी माणसं तुमच्यासमोर निवांत बसलेली बघायची होती मला."

कारण बिलोलीकरांसमोर माणसं बसतच नसत. त्यांना लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण लग्न लागून गेल्यावर. ते कुणाकडे सहज गेले, तर घरातला नवा फ्रिज चादरीखाली जायचा. विमलताईंच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या, पण गळ्यात नुसती काळी पोत. डाग-दागिने सगळे घरी काढून ठेवलेले. जेवायला या, असं तर उभ्या नोकरीत कुणी म्हणालं नाही. बिचाऱ्या विमलताईंनी हे हसण्यावारी नेलं, पण त्यांना ते लागायचं. बाईमाणसाला लागणारच की.

व्याख्यान अकराचं आणि गाडी लातूरच्या ट्युशन एरियात पोचली सव्वानऊला. वेळेआधी जाऊन थडकायचं ही खात्यातली जुनी सवय. नोटाबंदी होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. अशा दिवसांत 'भारत सरकार, आयकर विभाग' अशी पाटी लावलेली पांढरी गाडी त्या गल्लीत शिरली आणि टपरीवरच्या माणसाच्या हातातली चहाची किटली जागच्या जागी थांबली.

"ध्रुव क्लासेस कुठं आलं?" अकरमनं काच खाली करून विचारलं.

"ते... समोरचंच."

"मागच्या अंगाला रस्ता हाय का?" अकरमला बिचाऱ्याला गाडी लावायला सावली पाहिजे होती. पण टपरीवाल्यानं बोटानं रस्ता दाखवला आणि गाडी वळते न वळते तोच फोन कानाला लावला. "सर, आले! पुढनं बी आणि मागनं बी!"

आता खरं तर ध्रुव क्लासेसच्या मन्मथ सरांना व्याख्यानाचं पत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. पण आयकर खात्याचं पाकीट ते कधी स्वतः फोडतच नसत. हाताला चटका बसल्यासारखं ते तसंच सीएकडं पाठवायचे. सीए गेले होते तिरुपतीला. पत्र त्यांच्या टेबलावर बंद पाकिटात पडून होतं.

गाडी वळायच्या आधीच उतरलेले बिलोलीकर पिशवी सांभाळत पुढच्या दारानं आत आले. पिशवीत पोरांना वाटायला एकपानी माहितीपत्रकं होती, स्वतःच्या पेन्शनमधून झेरॉक्स केलेली. ती पुरतील का, एवढीच त्यांना काळजी. काउंटरवर श्रद्धा नावाची मुलगी बसली होती.

"मी आयकर खात्याकडून आलोय," बिलोलीकर मायेनं म्हणाले. "एका वर्गात पोरं किती असतात तुमच्याकडं?"

श्रद्धाचा चेहरा पांढराफटक पडला. "अडीचशे... न्हाई, न्हाई सर! पंचवीस."

"नक्की सांगा बेटा. आकडा चुकला की मला अडचण होते."

"सर, पोरं न्हाईतच सर! ती सगळी... ती सगळी डेमो लेक्चरला आलेली हायत!" एवढं बोलून तिनं रजिस्टर ओढणीखाली घेतलं आणि पोरगी जी आत पळाली, ती पुन्हा दिसली नाही.

मन्मथ सर तोवर मागच्या दारानं सटकायला निघाले होते. दार उघडलं तर समोर खात्याची गाडी आणि गाडीला टेकून अकरम. अकरम अदबीचा माणूस. तो म्हणाला, "साहेब आत गेलेत, तुमचीच वाट बघून राहिले." मन्मथ सरांनी दार लावलं, तीन जिने चढले आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. तिथून त्यांनी फोनवर हुकूम दिला की वर्ग सोडा.

अडीचशे पोरं एकदम रस्त्यावर आली. ती बघून शेजारच्या क्लासनं वर्ग सोडला, त्याचं बघून पलीकडच्यानं. झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं, खानावळवालीनं शिजत्या डाळीखालचा गॅस बंद केला. समोरचा दातांचा डॉक्टर तर पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून मोटारसायकलवर बसला. दहा वाजता त्या गल्लीत पोरांच्या सायकलीसुद्धा उरल्या नाहीत. एका माणसाला भाषण करायचं होतं हो, आणि त्यासाठी अख्खी गल्ली रिकामी झाली!

बिलोलीकर मोठ्या हॉलमध्ये येऊन उभे राहिले. ओळीनं बाकं, फळ्यावर अर्धवट सोडलेलं गणित, गरगरणारे पंखे. काय झालं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. नोकरीत त्यांनी अशा रिकाम्या खोल्या पुष्कळ पाहिल्या होत्या. पण तेव्हा ते झडतीला जायचे. आज माहितीपत्रकं घेऊन आले होते. त्यांना फार वाईट वाटलं. खुर्चीवर बसून ते नुसते पिशवीकडं बघत राहिले.

तेवढ्यात दारातून झाडू घेऊन एक बाई आत आली. साठीच्या आसपासची, पदर कमरेला खोचलेला. ही जन्नतबी. औशाच्या पुढं भूकंपानंतर वसवलेलं गाव आहे, तिथून रोज पहिल्या एसटीनं येऊन ती क्लासची साफसफाई करायची.

"तुम्ही नाही पळालात?" बिलोलीकरांनी विचारलं.

"मला काय धाड भरली पळायला? माझ्याकडं धरण्यासारखं काय हाय? ह्यो झाडू बी क्लासचा." मग ती जरा जवळ आली. "पर साहेब, तुम्ही आलाव कशाला?"

"भाषण करायला."

"मंग करा की. मी हाय न्हवं. झाडता झाडता ऐकते."

"नको," बिलोलीकर म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या बाकाकडं हात केला. "बसून ऐका."

बारा वर्षं जन्नतबी ती बाकं पुसत होती, पण एकदाही त्यांवर बसली नव्हती. ती पहिल्या बाकाच्या कडेला बसली. बिलोलीकर उठले, कोट नीट केला आणि वाचू लागले. "विद्यार्थी मित्रहो..."

त्यांनी सांगितलं की अठराशे साठ साली इंग्रजांनी पहिल्यांदा आयकर बसवला, तो सत्तावनच्या बंडाचा खर्च भरून काढायला. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला, त्यांनीच काठीचे पैसे द्यायचे. समासात लिहिलं होतं, 'इथं लोक हसतील, थांबा.' ते थांबले.

जन्नतबी हसली नाही. "असंच असतंय साहेब," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं की आपल्याकडं निजामाचं राज्य, म्हणून तो कायदा मराठवाड्यात फार उशिरा आला. मग एकसष्टचा कायदा, मग खात्याचं काम, रस्ते, शाळा, दवाखाने. ते म्हणाले, "करदाता हा खात्याचा पाहुणा आहे," आणि इथं मात्र जन्नतबी पदर तोंडाला लावून खदखदून हसली.

"पाहुणे पळाले की हो सगळे!"

समासात तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. विमलताईंना त्या ठिकाणी हसू येईल असं वाटलं नव्हतं. बिलोलीकरांनाही हसू आलं. सात वर्षांत पहिल्यांदाच आलं असेल.

शेवटी भूकंपाचं पान आलं. त्र्याण्णव साली कार्यालयातल्या सगळ्यांनी पगारातून मदत दिली, एवढंच त्यात होतं. जन्नतबीनं हात वर केला, पोरं करतात तसा. "साहेब, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या भूकंपात. ते पैशे कुठनं आले?"

"थोडं कर्ज काढलं, थोड्या देणग्या आल्या. बाकी सरकारचे."

"सरकारचे म्हंजे?"

"म्हणजे कराचे."

"म्हंजे तुम्ही गोळा केलेले."

"त्यात माझ्या हातचे किती, ते नाही सांगता येणार बाई."

"सांगता येत न्हाई म्हंजे असतील की!" जन्नतबी उठून उभी राहिली. "चला, जेवायला चला घरी. आज क्लास बंदच हाय."

बिलोलीकरांनी भाषणाची पानं पिशवीत ठेवली. सदुसष्टाव्या वर्षी आलेलं हे पहिलंच जेवणाचं बोलावणं! मग सवयीनं तोंडातून आलं, "नियमात बसत नाही."

"जेवायचं न्हाई तर न्हाई. पर घर बघायला तर नियम न्हाई? तुमच्या पैशाचं घर हाय, बघून जा."

स्थळपाहणी नियमात बसत होती. मन्मथ सरांना टाकीमागं उन्हात तसंच सोडून गाडी औशाच्या रस्त्याला लागली.

गाव आलं. एका मापाची घरं, सरळ रस्ते. गाडी शिरली आणि घराघरातून माणसं पळत सुटली. बिलोलीकरांनी डोळे मिटून घेतले. "इथंही?"

"साहेब, बघा तर," अकरम म्हणाला. "गाडीकडं पळून राहिले."

आयुष्यभर त्यांनी पळणाऱ्यांच्या पाठीच पाहिल्या होत्या. ही तोंडं होती. म्हातारे, बायका, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. त्या गावात सरकारी गाडी म्हणजे यादी. कुणाचं घर अजून नावावर झालं नव्हतं, कुणाचं नाव यादीत चुकलं होतं.

"यादी आली का साहेब?"

"मी त्या खात्याचा नाही हो," बिलोलीकर अगदी ओशाळून म्हणाले. "मी इन्कमटॅक्सचा." आणि ते माणसं पांगायची वाट बघू लागले.

कुणी हललं नाही. जन्नतबीचा नवरा खाजामियाँ पुढं झाला. "असू द्या की. उन्हातनं आलाव, बसा." त्यानं ओसरीवर सतरंजी अंथरली. बिलोलीकर बसले आणि त्यांच्यासमोर पंधरा-वीस माणसं मांडी घालून निवांत बसली. हे बघायला जी पाहिजे होती, ती तेवढी नव्हती.

खाजामियाँनं आपले कागद दाखवले. सगळ्यात खाली मऊ पडलेला एक दाखला होता. "आमची उजमा. आठ वर्षांची होती. आतल्या खोलीत झोपली होती त्या रात्री." बिलोलीकरांनी दाखला दोन्ही हातांत धरला. मग तो जपून घडी घालून परत दिला.

जन्नतबीनं भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं ताट आणून ठेवलं. बिलोलीकरांनी मान खाली घालून पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि उघडला. सगळ्या गावानं त्या करपलेल्या पोळ्या पाहिल्या. जन्नतबीनं तोंड फिरवलं.

डबा काढताना भाषण सतरंजीवर पडलं होतं. खाजामियाँनं ते उचललं आणि शेवटचं पान उलटं केलं. चोवीस वर्षं सरकारी कागद हाताळून त्याला ती खोडच लागली होती; शिक्का कधी कधी मागच्या बाजूला असतो, तो बघितल्याशिवाय कागद ठेवायचा नाही. बिलोलीकरांनी मात्र सात वर्षांत ते पान कधी उलटलं नव्हतं. त्यांचं भाषण पुढच्याच बाजूला संपत होतं.

"मागं बी लिवलंय साहेब," म्हणत खाजामियाँ अक्षर अक्षर लावून वाचू लागला. "'झालं का भाषण? टाळ्या कमी पडल्या तर मनाला लावून घेऊ नका. आणि कुणी जेवा म्हणालं, तर नियम सांगत बसू नका. मी असताना कुणी म्हणालं नाही. जेवून या. मी वाट बघत नसेन, घाई करू नका.'" त्यानं कागद उजेडाला धरून बघितला. "शिक्का न्हाई. पर सही हाय. विमल. ह्या कोण साहेब?"

"माझ्या... माझ्या वरच्या," बिलोलीकर कसेबसे म्हणाले.

"मंग हुकूमच हाय की!"

बिलोलीकरांनी डब्याचं झाकण लावलं आणि ताट पुढं ओढलं. पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं, ते काही केल्या थांबेना.

जन्नतबी घाबरली. "अगं माय, लई तिखट झालं का?"

"हो," बिलोलीकर म्हणाले. "अजून थोडी वाढा."