जागरूक माणसाचे दहा सेकंद

घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स होत्या आणि त्यातली एक पूर्णपणे बिनकामाची होती. जुनी सिस्टिम बायकोची. तिचा भरतकामाचा व्यवसाय. नक्षी कॉम्प्युटरवर तयार करायची, पेनड्राइव्हवर घालून मशीनला द्यायची, की मशीन ती कापडावर भरून देई. नक्षीचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चाले. नवी सिस्टिम नवऱ्याची. तिच्यावर तो काय करत असे? तर ती अद्ययावत करत असे. दर रविवारी दोन तास. बाकी काही नाही.

कॉम्प्युटर सुरू केला की दोन्ही सिस्टिम्सची नावं पडद्यावर येत. दहा सेकंदांच्या आत खालच्या बाणाचं बटण दाबून जुनी निवडली नाही, तर नवी आपोआप सुरू होई. बायको तेवढ्यात इस्त्री बंद करायला गेली, की परत येईपर्यंत नवी सिस्टिम ऐसपैस पसरलेली. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"अहो, माझी आधी ठेवा ना. दिवसभर मीच तर वापरते," हे तिने वर्षभरात शंभरदा तरी सांगितलं असेल.

"अगं, जागरूक माणसाला दहा सेकंद पुष्कळ झाले," असं म्हणून नवरा पेपर उघडे.

नवरा पाणीखात्यात कारकून होता. पण ऑफिसात कुणाचा प्रिंटर अडला की लोक त्याला हाक मारत, आणि त्या हाका ऐकून ऐकून आपण तज्ज्ञ आहोत असा त्याचा पक्का समज झाला होता. प्रिंटर शेवटी नवाच आणावा लागे, पण त्याने समजाला धक्का लागला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता वीज गेली आणि दोन मिनिटांत परत आली. सोमवारपासून बायकोने कॉम्प्युटर बंदच केला नव्हता, कामाच्या घाईत नुसता झोपवून ठेवत होती. आता बटण दाबलं तर ना जुनी सिस्टिम, ना नवी. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीच्या दोन ओळी.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या चौदा जर्स्या मशीनशेजारी घडी करून ठेवल्या होत्या. दोन नमुन्यादाखल झाल्या होत्या. उरलेल्या बारांवरची नावं कॉम्प्युटरच्या पोटात होती. संघाची बस दुपारी चारला अंतिम सामन्यासाठी निघणार होती, आणि एका जर्सीला पंधरा मिनिटं लागत. म्हणजे फार तर साडेबाराला मशीन सुरू व्हायला हवं. हे काम खरं तर एका मोठ्या कारखान्याला जायचं होतं. संघाच्या प्रशिक्षक बाईंनी कमिटीशी भांडून, स्वतःच्या जबाबदारीवर ते हिला मिळवून दिलं होतं. आज बारा मुली कोऱ्या पाठीने मैदानात उतरल्या असत्या तर बाईंना तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि हिला दुसरं काम मिळालं नसतं.

"अहो, इकडे या!"

नवरा आला. पडद्यावर एक ओझरती नजर टाकून, लग्नानंतर प्रथमच एवढा खूश होऊन, त्याने ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली.

"दोन सिस्टिम्सचं आपसात बिनसलंय," तो म्हणाला. "सुरुवात कुणी करायची यावर."

"ते तर आपलंही बिनसलंय. पण चालू कधी होणार?"

"दहा मिनिटांत. अशा वेळेसाठीच तर मी आणीबाणीचा पेनड्राइव्ह करून ठेवलाय रविवारी. तो लावला की कुठलाही कॉम्प्युटर उठून बसतो."

"मग लावा!"

इथेच घोडं पेंड खात होतं. पेनड्राइव्ह त्याने अशा जागी ठेवला होता की गरज पडेल तेव्हा चटकन हाताशी यावा. एवढं त्याला लख्ख आठवत होतं. फक्त ती जागा आठवत नव्हती.

टेबलाचे खण झाले, कपाट झालं, औषधांचा डबा झाला. मग त्याचा मोर्चा बायकोच्या दोऱ्यांकडे वळला. दोनशे रिळं छटांप्रमाणे लावलेली होती. कप्पा जरा अडकत होता म्हणून तज्ज्ञाने जोर लावला, आणि दोनशेच्या दोनशे रिळं जमिनीवर गडगडली. त्यांत पेनड्राइव्ह नव्हता.

"दोऱ्यांत कशाला ठेवाल तुम्ही?"

"शोधायची एक शास्त्रीय पद्धत असते," नवरा पलंगाखालून म्हणाला.

खोलीच्या कोपऱ्यात सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी अडतीस वर्षं औषधांच्या दुकानात औषधं दिली होती, आणि बाटलीवरचं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय बाटली कधी कुणाच्या हातात ठेवली नव्हती. निवृत्तीनंतर त्या साबणाची वेष्टनंसुद्धा वाचत.

"अरे, त्या पडद्यावर काय लिहून आलंय?" त्यांनी विचारलं.

"आई, ते तसं येतंच. ते वाचायचं नसतं."

"मग लिहितात कशाला?"

असल्या अडाणी प्रश्नाला उत्तर द्यायला तज्ज्ञाला वेळ नव्हता. त्याने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. या मित्राला सगळे गुरुजी म्हणत, कारण तो कुणाचंही ऐकून घेत नसे. गुरुजी साडेदहाला स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आले. पडद्याकडे त्यांनीही पाहिलं नाही. थेट कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा उघडला.

"धूळ," ते म्हणाले.

"मीही तेच म्हणणार होतो," नवरा म्हणाला. मघाशी तो भलतंच काही म्हणाला होता, पण ते असो.

गुरुजींनी फुंकर मारली, मेमरीची पट्टी उपसली, पुसली आणि परत बसवली. ती नीट बसली नाही. आता पडदा नुसताच काळा राहिला आणि कॉम्प्युटर पीं-पीं ओरडू लागला. दोघांनी पट्टी काढली, घातली, उलटी घालून पाहिली, एकमेकांच्या बोटांवर स्क्रू ड्रायव्हर मारला. पाऊण तासाने ओरडणं थांबलं आणि पडद्यावर मूळच्याच दोन पांढऱ्या ओळी परत आल्या. यावर दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

"झालं?" बायकोने आशेने विचारलं.

"निदान सकाळच्या स्थितीला आणलं," गुरुजी अभिमानाने म्हणाले.

सव्वाअकरा वाजले होते. प्रशिक्षक बाईंचा फोन आला. बायकोने "हो, होतंच आलंय" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तज्ज्ञांना ते दिसलं नाही. ते मतभेदात गुंतले होते. गुरुजींच्या मते सगळा दोष जुन्या सिस्टिमचा होता. नवऱ्याच्या मतेही दोष तिचाच होता, पण वेगळ्या कारणासाठी. बारा वाजता दोघांचं एकमत झालं.

"सगळं पुसून टाकू," नवरा म्हणाला, "आणि दोन्ही सिस्टिम्स नव्याने घालू."

"आणि माझ्या नक्ष्या?"

"काहीतरी गमवावं लागतंच."

बायकोने टेबलावरची कापड कापायची मोठी कात्री उचलली. गुरुजी दोन पावलं मागे सरकले.

"तसंही," ते घाईघाईने म्हणाले, "पुसायला तो आणीबाणीचा पेनड्राइव्हच लागेल."

एव्हाना सासूबाई चष्मा लावून पडद्यापुढे येऊन बसल्या होत्या. बोट फिरवत त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या, "लावलेली डिस्क सुरू होण्यासारखी नाही म्हणतोय. ती काढा आणि कुठलंही बटण दाबा."

"आई, कसलीही डिस्क लावलेली नाही!"

"मग मागे भिंतीवर हे काय लुकलुकतंय?"

नवऱ्याने वाकून पाहिलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, एक काळा पेनड्राइव्ह खोचलेला होता. त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर त्याच्याच वळणदार अक्षरात 'आणीबाणी' लिहिलेलं होतं.

गरज पडेल तेव्हा हाताशी असावा म्हणून सोमवारी ऑफिसला जाताना त्याने तो चालू कॉम्प्युटरला तिथे लावला होता. कॉम्प्युटरने सगळ्यात आधी त्याच्याकडेच बघावं, अशी सोयही रविवारीच करून ठेवली होती. कॉम्प्युटर सकाळपासून बिचारा त्याच्याकडेच बघत होता. त्यात सुरू होण्यासारखं काहीच नव्हतं, कारण तज्ज्ञाने तो रीतसर तयार न करता नुसती एक फाइल त्यावर उतरवली होती.

बायकोने पेनड्राइव्ह उपटला आणि स्पेसबार दाबला. दोन्ही सिस्टिम्सची नावं निमूटपणे पडद्यावर आली. तिने खालचा बाण दाबला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बघ," नवरा म्हणाला, "शेवटी पेनड्राइव्ह सापडला तेव्हाच सुटलं की नाही?"

सासूबाईंनी जमिनीवरच्या रिळांकडे बोट दाखवलं. दोघे तज्ज्ञ मांडी घालून बसले आणि गुलाबी व फिकट गुलाबी यांतला फरक शिकू लागले. साडेतीनला शेवटची जर्सी मशीनवरून उतरली. प्रशिक्षक बाई स्वतः न्यायला आल्या, एक-एक नाव हाताने चाचपून पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचंही तुम्हीच करा." बायको हसली, आणि सकाळपासून प्रथमच पाणी प्यायली.

रविवारी नवरा सिस्टिम अद्ययावत करायला कॉम्प्युटरपुढे बसला. बटण दाबून त्याने चष्मा पुसला. वर पाहतो तर जुनी सिस्टिम सुरू. त्याने पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. या वेळी चष्मा पुसला नाही, तरी नावं पडद्यावर चमकून गेली आणि जुनीच सुरू झाली.

"अगं, बिघडलाय हा! यादीत थांबतच नाही!"

"थांबतो की," बायको दोरा ओवत म्हणाली. "माझी आधी ठेवलीय. जागरूक माणसाला एक सेकंद पुष्कळ झाला."

"तुला कसं जमलं ते बदलायला?"

"आईंनी करून दिलं."

नवऱ्याने वळून आईकडे पाहिलं. सासूबाई बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू वाचत होत्या.

"त्यात काय," त्या मान वर न करता म्हणाल्या, "लिहिलं होतं तिथे."

नवऱ्याने कॉम्प्युटर आणखी एकदा बंद केला, एक बोट खालच्या बाणावर ठेवलं, श्वास रोखला आणि दुसऱ्या हाताने चालू केला.