सॉरीवरील स्वारी

वाचणारांचे सेवेसी कोशदरबारच्या पदरच्या लेखनिकाची विज्ञापना ऐसी जे, इंग्रजी-मराठी महाकोशाच्या कामी सॉरी या शब्दाशी जो रणसंग्राम जाहला, त्याची हकिकत साद्यंत लिहावी आणि हुजुरांची भीडभाड ठेवू नये, ऐसी बाईसाहेबांची आज्ञा झाली. त्यावरून जे पाहिले, ऐकिले आणि चहाच्या निमित्ताने टेबलाभोवती घोटाळून जे कळले, ते येथे लिहिले असे. शब्द लहान, परंतु त्यापायी मातब्बर माणूस कैसा जेर होतो, हे ध्यानी यावे.

कचेरीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी, एकाच टेबलावर दोन सरदारांचा मुक्काम असे. एक हुजूर उपसंपादक, शब्दांचे अर्थ लिहिणारे, बहुत विद्वान, आणि आपल्या विद्वत्तेची खबर सर्वांआधी स्वतःसच लागली ऐसे. दुसऱ्या बाईसाहेब, मुद्रितशोधनाच्या कामी करड्या नजरेच्या, आणि हुजुरांचे लग्नाचे कुटुंब. कचेरीचा रिवाज ऐसा की, छापखान्यातून कच्चे मुद्रित आले म्हणजे एकाने मूळ लिखाण मोठ्याने वाचावे, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंससुद्धा तोंडाने म्हणावे, आणि दुसऱ्याने मुद्रितावर पेन्सिल धरून मेळ घालावा. या रिवाजापायीच पूर्वी उभयतांचे जमले, आणि हुजुरांनी लग्नाची मागणीदेखील प्रश्नचिन्हासकट घातली, ऐसे जुने लोक सांगतात.

ऐशा सुखाच्या राज्यात ग्रह फिरले. हुजुरांच्या टेबलावर पसारा फार, त्यात चिठ्ठ्यांची सरमिसळ जाहली, आणि सोप या शब्दाचा अर्थ सोल्जरच्या पदरी पडोन, 'सोल्जर: अंगास चोळून फेस काढण्याचा पदार्थ, पाण्याने झिजतो' ऐसे मुद्रित होऊन आले. बाईसाहेबांनी समासात प्रश्नचिन्ह घातले. हुजूर त्या वेळी चहा आणि आत्मविश्वास या दोहोंच्या अमलाखाली होते, त्यांनी न पाहताच 'आहे तसे ठेवावे' ऐसा शेरा मारिला, आणि मग फर्मा, म्हणजे पानांचा अख्खा ताव, छापून निघाला, आणि मग सर्वत्र बोभाटा जाहला. थोरल्या संपादकांनी भरकचेरीत जाब पुसला. तेव्हां हुजुरांचे अवसान गळाले, आणि मुद्रितशोधनात राहून गेले असावे, ऐसे बोलोन त्यांनी तोफेचे तोंड स्वतःच्या बायकोकडे फिरविले.

बाईसाहेबांनी पेन्सिल उचलून पुढचे मुद्रित ओढिले. त्या बोलल्या असत्या तर हुजूर उत्तर देऊन मोकळे होते, कारण उत्तर देण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात कोणी नव्हता.

मग अबोल्याचा वेढा पडला. घरी चहा मिळे, त्यात साखरही मिळे, परंतु शब्द मिळेना. कचेरीत रिवाजाप्रमाणे वाचन होई, आणि उभयतांमध्ये दिवसभर जे काही बोलणे होई, ते कोशातले. हुजुरांनी एक वेळ वाचनाच्या भरात मधेच हवापाण्याची गोष्ट काढोन पाहिली. बाईसाहेबांनी मुद्रितात बोट ठेवोन हे इथे नाही, इतकेच सांगितले.

ऐसे असता एके सकाळी थोरल्या संपादकांनी हुजुरांस बोलावून कळविले की, बाईसाहेबांचा अर्ज आला आहे, त्या उद्यापासून खालच्या मजल्यावर परिभाषा खात्यात रुजू होतील, तरी तुम्ही वाचनास दुसरा जोडीदार पाहावा. आजवर त्यांस वाटे की कोश आपण लिहितो. आता त्यांस उमजले की, पेन्सिल धरलेले ते माणूस समोर नसेल तर आपणांस 'सोफा' म्हणजे काय हेदेखील छातीठोकपणे सांगता येणार नाही. हुजूर खरोखर भ्याले, आणि बाईसाहेबांची समजूत काढण्याची मोहीम सूर्यास्तापूर्वी तडीस न्यावी, ऐसे ठरले.

दैवयोग ऐसा की, त्याच दिवशी वाचनास सॉरी शब्दाची नोंद आली. दुसरा कोणी असता तर तो शब्द तोंडाने म्हणोन मोकळा झाला असता. परंतु हुजुरांची मसलत थोर. नुसता शब्द म्हणणे हे अडाण्यांचे काम. आपण शब्दाचा समूळ इतिहासच बाईसाहेबांच्या पायी रुजू करावा, म्हणजे क्षमा आपसूक पदरी पडेल, ऐसे योजून त्यांनी मांडणीवरचे जुने जाडजूड कोश उतरविले, शिंका देत देत धूळ झटकली, आणि दुपारपर्यंत नोंद चौपट वाढविली.

मग वाचनास आरंभ जाहला. सॉरीचे घराणे पुरातन, स्वल्पविराम, मूळपुरुष सोर, म्हणजे दुखरी जागा, पूर्णविराम. त्याच्या पोटी सॉरी जन्मास आले, तेव्हां अर्थ केवळ वेदनेने पीडित इतकाच होता. सॉरो म्हणजे दुःख, हे सख्खे भावंड ऐसे लोक समजतात, परंतु ते शेजारघरचे. नित्य उठबस होऊन चेहरे सारखे झाले. पुढे मुलूखगिरीत सॉरीने नाना वेष घेतले. कोणाचे माणूस गेले तर ते सांत्वनास जाऊ लागले; मोडक्या खुर्चीची आणि फाटक्या कोटाची दैना सांगू लागले; ऐकू आले नाही तर प्रश्न होऊन पुढे सरसावू लागले; खिडकीआडच्या कारकुनांनी त्याची नकाराची ढाल केली; आणि गर्दीतल्या लोकांनी तर दुसऱ्याच्या पायावर पाय देण्याच्या आधीच ते उच्चारण्याची वहिवाट पाडली. नुसत्या एका शब्दात माफी मागोन सुटण्याची चाल तर अगदी अलीकडची, पूर्णविराम.

इतके वाचोन हुजुरांनी मोठ्या आशेने मान वर केली. बाईसाहेब शांतपणे पेन्सिलीस टोक करीत होत्या.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "मूळ अर्थ दुखणं. बरं. पण दुखलं कोणाला?"

"मलाही वाईट वाटतंय गं. झोप नाही मला."

"तुझी झोप नंतर बघू. सगळ्यांसमोर माझ्यावर ढकललंस, आणि माफी इथे कोपऱ्यात बसून वाचून दाखवतोयस. तीही पूर्णविरामासकट!"

येणेप्रमाणे हुजुरांची सर्व फौज एका वाक्यात गारद जाहली. कोश, घराणी, वेष, मुलूखगिरी, सारे जागच्या जागी राहिले. हुजूर उठले, आणि टेबलांच्या मधल्या वाटेने थोरल्या संपादकांच्या खोलीकडे कूच केले. ती वाट ते रोज चालत, परंतु त्या दिवशी ती फार लांबली. वाटेत पाणी पिण्याच्या मिषाने एक मुक्काम जाहला, बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने दुसरा जाहला, वास्तविक बुटास नाडी नव्हती. दारापाशी पोहोचोन त्यांनी थोरल्या संपादकांस बाहेर येण्याची विनंती केली. जेथे गुन्हा घडला तेथेच तो कबूल करावा, इतकी अक्कल त्यांस एव्हाना आली होती.

सारी कचेरी माना वर करून पाहू लागली.

"सर, सोल्जरची चूक माझी होती," हुजूर म्हणाले. "हिने प्रश्नचिन्ह घातलं होतं. मी न बघता पुढे ढकललं आणि वर हिचंच नाव सांगितलं. घाबरलो होतो, दुसरं काही नाही." मग बायकोकडे वळोन ते इतकेच म्हणाले, "सॉरी."

कोणी तरी खुसकन हसले. थोरल्या संपादकांनी चष्मा पुसून फर्मान काढिले की, प्रत्येक फर्म्यात शुद्धिपत्राची पट्टी हुजुरांनी स्वहस्ते डकवावी, आणि त्या कामी कोणी मदत करू नये. हुजुरांनी शिक्षा मस्तकी धरिली, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बोटे खळीने ऐसी चिकटली की स्वतःचा चष्मा काढण्यासही बाईसाहेबांची याचना करावी लागली. बाईसाहेबांनी चष्मा काढिला, पुसला आणि परत नाकावर चढविला. अर्जही माघारी घेतला; तो मात्र फाडला नाही, आपल्या खणात कुलपात ठेविला.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढिली, सॉरीचे मुद्रित समोर घेतले, हुजुरांच्या वाढीव मजकुरावर वरपासून खालपर्यंत काट मारिली आणि पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकविली.

"वाच," म्हणाल्या.

येणेप्रमाणे सॉरीची मोहीम फत्ते जाहली. हुजूर सर्व आघाड्यांवर हरले, आणि हरल्यावर इतक्या आनंदाने वाचावयास बसलेला सेनापती या लेखनिकाने अन्य कोठे पाहिला नाही. नोंद कायम केली असे.