तारमास्तरांची लांबलेली तार

तारमास्तरांनी तिसऱ्यांदा अँटेनाची तार वाढवली आणि खिडकीशी बसून रेडिओवर हाका मारायला सुरुवात केली. उत्तर नाही. नुसती खरखर.

रोज संध्याकाळी सहाला पलीकडून घड्याळजी बोलायचा. दूरच्या बंदरातला, जन्मात न भेटलेला माणूस. पण बायको गेल्यापासून मास्तरांची रोज विचारपूस करणारा तोच एकटा. "उद्या छातीचा रिपोर्ट मिळेल, सांगतो," म्हणाला आणि त्यानंतर पंधरा दिवस गप्प. दुसरा कुणी घाबरला असता. पण हौसेने घरून रेडिओवर बोलणारा हॅम रेडिओवाला आधी तारेवर संशय घेतो. तरी काल मास्तरांचा धीर सुटलाच. माइक धरून, डोळे पुसत, ते घड्याळजीबद्दल चार शब्द बोलले.

आज पुन्हा आशा. मास्तरांची अँटेना म्हणजे एकच लांब तार. एक टोक रेडिओला, दुसरं उंच कुठेतरी. ते त्यांनी गच्चीवरच्या टाकीला बांधलं.

शेजारच्या काकूंना गच्चीवर आयती दोरी दिसली. त्यांनी ओल्या चादरी वाळत घातल्या. नेमके तेव्हाच खाली मास्तर माइकमध्ये ओरडले.

"अगं बाई! झटका बसला!" वरून काकू किंचाळल्या.

सोसायटीचे सेक्रेटरी धावले. "कुठे?"

"चादरीत!"

"तार टाकीला बांधलीय. म्हणजे करंट टाकीत, तिथून पाण्यात, नि पाण्यातून घराघरात!"

पाच मिनिटांत इमारतीतले सगळे नळ बंद झाले. दुसऱ्या मजल्यावरचे वकील तोंडाला साबण तसाच ठेवून जिन्यात उभे राहिले.

"मास्तर, तार तुमचीच ना?"

"माझीच. पण तिला विजेचं कनेक्शन नाही," मास्तर म्हणाले. हे खरंच होतं. पण माइकमध्ये बोललं की तेवढ्यापुरता तारेत झटका येतो, हे कुणी विचारलं नाही आणि मास्तरांनीही सांगितलं नाही. तार उतरवायला लावतील, ही भीती होती.

इलेक्ट्रिशियन आला. "आधी मेन बंद करतो."

मास्तर घरी येऊन बसले. लिफ्ट थांबली, जिन्यात अंधार झाला. रेडिओ बॅटरीवर होता, तो चालूच राहिला आणि त्यातली खरखर मात्र एकदम थांबली. म्हणजे खरखर होती ती सेक्रेटरींनी पंधरा दिवसांपूर्वी जिन्यात हौसेने बसवलेल्या नव्या दिव्यांची! तारेचा बिचारीचा काही दोषच नव्हता.

"...मास्तर, घड्याळजी बोलतोय. आज तरी ऐकू येतंय का?"

"येतंय! अरे, तू आहेस?"

"मी रोज असतो. मला तू स्वच्छ ऐकू येतोस. काल माझी शोकसभा घेतलीस, तीही ऐकली. बरं बोललास, पण माझं वय चुकवलंस."

मास्तर हसता हसता रडले. "ते राहू दे. रिपोर्टचं सांग."

"सांगतो. डॉक्टर म्हणाले की—"

दिवे लागले. सगळ्या इमारतीने टाळ्या वाजवल्या. रेडिओत खरखर.

मास्तर चार मजले धावत उतरले. इलेक्ट्रिशियन पिशवी आवरत होता.

"सगळं तपासलं, काका. कुठेच काही दोष नाही."

तार ऑफिसातल्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटा निरोप न पोचवलेल्या मास्तरांनी हात पुढे केला.

"मलाही आत्ताच झटका बसला," ते म्हणाले. "मेन बंद करा. आणि सावकाश शोधा."