फितीपलीकडच्या कर्णिकबाई

कर्णिकबाई रस्त्यात भेटल्या की आधी तुमचे गुडघे बघायच्या, मग चेहरा. "अहो, डावा पाय ओढताय," हाच त्यांचा नमस्कार. मुख्याध्यापिकांच्या मुलीच्या लग्नात नवरी मांडवात येत होती. सगळ्या बायका शालूकडे बघत होत्या, आणि बाई माझ्या कानात म्हणाल्या, "पावलं फार आखूड टाकते. दमेल."

सदाशिव पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायची आणि त्या खेळ. खेळ कसला? एक फरसबंद पटांगण आणि त्याच्या टोकाला शेजारच्या इमारतीची भिंत. मुली सुसाट सुटायच्या आणि भिंत जवळ आली की पाय आवरायच्या, नाहीतर नाक फुटायचं! ती सवय अशी अंगात मुरली, की धावण्याच्या स्पर्धेत आमची मुलगी सगळ्यांच्या पुढे असायची आणि शेवटची फीत दिसताच हळू व्हायची. मग दुसऱ्या शाळेची कुणीतरी बाजूने निघून जायची. शिक्षकांच्या खोलीत आम्हाला हसू आवरायचं नाही. बाई चहा तसाच ठेवून उठून जायच्या.

अखेर संस्थेने कोथरूडला मैदान केलं. आखलेला ट्रॅक, लांब उडीला वाळूचा हौद, कपडे बदलायला खोली. बाईंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. मला सायकलवरून तिथे नेऊन त्यांनी चौफेर हात फिरवला.

"भिंत दिसते का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर! यंदा आपली मुलगी फीत तोडणार. ते बघितलं की मी घरी बसायला मोकळी."

पण भिंत मुलींच्या पायांतच राहिली होती. नववीतली नसीम तांबोळी सगळ्यांत वेगवान, तरी शेवटी तीही हळू व्हायची.

"अगं, पुढे मोकळं आहे!" बाई ओरडायच्या.

"मला कळतंय हो बाई," नसीम रडवेली होऊन म्हणायची, "पायांना कळत नाही."

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. त्या दिवशी बाईंनी काय करावं? फितीच्या चांगल्या पलीकडे, नसीमच्या समोर, पदर खोचून आणि हात पसरून त्या उभ्या राहिल्या. "फितीकडे बघूच नकोस. मला येऊन धडक. पाडलंस तर खरी!"

पंच म्हणाले, "बाई, बाजूला व्हा."

"शर्यत फितीपाशी संपते ना? मग पुढची जागा आमच्या शाळेची आहे."

शर्यत सुटली. नसीम पुढे होती. फीत जवळ आली आणि तिचे खांदे मागे जाताना मला दिसले.

"ये गं!" बाईंनी हाक मारली.

नसीम फीत तोडून तशीच आली. दोघी धुळीत लोळल्या. मुली किंचाळत नाचायला लागल्या.

मी बाईंना उठवायला धावले. नसीम सुटायला धडपडत होती, पण बाई तिला सोडत नव्हत्या. तिच्या घामेजलेल्या केसांवरून त्यांचा हात फिरत होता. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"लागलं का हो? उठा."

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "घरी कोण येतंय मला असं बिलगायला?"

तेवढ्यात पंच विजेतीचं नाव विचारत आले. मी पुढे होऊन त्यांना वाटेतच थांबवलं, आणि नाव, तुकडी, शाळेचा पत्ता, सगळं अगदी सावकाश सांगत उभी राहिले.